सात मिनिटांचं वर्ष

हर्षदा बाबरला बैलांचा काडीचाही नाद नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढे जे झालं त्यात तुम्हीही तिच्यासारखेच गोंधळून जाल. तरी त्या मंगळवारी सकाळी घरच्या संगणकाने तिला स्वच्छ मराठीत कळवलं, 'तुम्ही रोज पहाटे साडेपाचला खिलार बैलांचे व्हिडिओ बघता. नवीन ॲपमुळे ही सवय बदलणार नाही.'

"मी? आणि बैल?" हर्षदा एकटीच मोठ्याने म्हणाली आणि हसत सुटली. मग तिने पुढचं वाक्य वाचलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

'हे ॲप टाकल्यास तीन महिन्यांत तुमचं धैर्यशील यांच्याशी बोलणं रोजच्या अडतीस मिनिटांवरून चार मिनिटांवर येईल. आठव्या महिन्यात तुम्ही ॲप स्वतःच काढून टाकाल. त्यानंतर बोलणं पूर्ववत होण्याची शक्यता फार कमी.'

धैर्यशील म्हणजे तिचा नवरा. आता हे प्रकरण नीट सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

विट्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. गलाई म्हणतात त्याला. भट्ट्या मांडायला ही माणसं देशाच्या कानाकोपऱ्यात पोचलेली, घरं मात्र इथे. धैर्यशीलची भट्टी मदुराईला होती. त्याच्या वडिलांनीही हयात तिथेच काढलेली. वर्षातून दोनदा घरी यायचं, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला. बाकी सगळा संसार फोनवर. लग्नानंतर पहिलं वर्ष हर्षदा मदुराईला राहूनही आली, पण तिथल्या ॲसिडच्या वाफेने तिचा घसा असा काही धरला की डॉक्टर म्हणाले, इथे राहायचं असेल तर बोलणं सोडा. ते तिला शक्यच नव्हतं, कारण आवाज हेच तिचं काम होतं.

अंध मुलांसाठी ती बोलकी पुस्तकं वाचायची. तोवर यंत्रांचे आवाज इतके सुधारले होते की बातम्यासुद्धा यंत्रंच वाचत होती. पण लहान पोरं यंत्राच्या आवाजाला लवकर कंटाळतात, असं सांगलीच्या एका संस्थेला आढळलं होतं, आणि त्या संस्थेला माणसाचा आवाज हवा होता. दहा वाजता सासूबाई शेताकडे गेल्या की हर्षदा सोप्याच्या, म्हणजे पुढच्या खोलीच्या, दाराला जाड वाकळ टांगायची आणि साडेबारापर्यंत संगणकासमोर बसून धडे ध्वनिमुद्रित करायची. एक ते पाच नगर वाचनालयात नोकरी. संध्याकाळी गच्चीवर जाऊन, त्याच संगणकाला जोडलेल्या मोबाइलवरून, नवऱ्याला फोन. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं, गेल्या दीड-दोन वर्षांत तर बोलणं चांगलंच लांबलं होतं, आणि ते अडतीस मिनिटांचं बोलणं हाच तिचा संसार होता म्हणा ना.

मागच्या आठवड्यात धैर्यशील अचानक म्हणाला, "आपण 'खिडकी' टाकूया."

हे 'खिडकी' नावाचं ॲप गलाई घरांमध्ये त्या वर्षी नुसतं पसरत होतं. त्रिचूरच्या दोन गलाईवाल्यांच्या पोरांनी ते लिहिलेलं. घरच्या पडद्याचा एक कोपरा आणि दुकानातल्या पडद्याचा एक कोपरा दिवसभर एकमेकांना उघडा. फोन लावायचा नाही, उचलायचा नाही. तिकडे नवरा चहा पितोय, इकडे बायको भाजी निवडतेय, मनात आलं की बोलायचं. शेजारच्या तीन घरांत ते आलं होतं आणि तिन्ही घरं त्याचं कौतुक करून थकत नव्हती.

आता 'अंगण'बद्दल दोन शब्द. अंगण ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे बाकीची सगळी ॲपं ज्याच्यावर उभी राहतात ती जमीन. ती कुणाच्या मालकीची नाही. तिचा सगळा मजकूर कुणीही वाचावा, सुधारावा, पुढे द्यावा. ॲप हवं असेल तर तिच्या 'कोठारा'त जायचं, नाव शोधायचं, 'टाका' म्हणायचं. ते ॲप कुणी लिहिलं, आता कोण सांभाळतं, त्याच्याबरोबर आणखी कुठली बारीकसारीक सामग्री यंत्रावर येणार, हे सगळं आधी समोर मांडलं जातं. पाहुण्याने येतानाच सांगावं की माझ्याबरोबर सात जण जेवायला आहेत, तसं.

आणि दोन वर्षांपूर्वी अंगणात एक नवी सोय आली होती, 'रंगीत तालीम'. ॲप खरोखर टाकण्याआधी यंत्र ते एका बंद खोलीत टाकून बघतं. त्या खोलीतून तुमच्या फायलींना हात लागत नाही की बाहेर काही जात नाही. तिथे तुमच्या जागी एक बदली नट उभा केला जातो. तुमच्या सवयींवरून तयार केलेला. तुम्ही कधी काय उघडता, कशाने कंटाळता, कशानंतर काय करता, हे यंत्राने इतके दिवस पाहिलेलं असतं, आणि ते सगळं घरातल्याच डिस्कवर राहतं. त्या खोलीतलं घड्याळ भरधाव पळतं. बदली नट ते ॲप वर्षभर वापरतो, तेही दोनशे वेळा, दर वेळी थोड्या वेगळ्या परिस्थितीत. दोनशेपैकी बहुतेक वर्षांत जे घडलं ते अहवालात येतं. बाहेर आपली सात मिनिटं गेलेली असतात.

लोकांना त्याची सवय लागली होती. आणि तालीम चुकत नाही असा बोलबाला होता. हर्षदाच्या मावसभावाने व्यायामाचं ॲप टाकताना अहवाल आला होता, 'एकोणिसाव्या दिवशी सोडाल.' त्याने ईर्ष्येने विसावा दिवस गाठला आणि एकविसाव्या दिवशी सोडलं.

म्हणूनच ते चार मिनिटांचं वाक्य हर्षदाने तीनदा वाचलं.

संध्याकाळी गच्चीवरून तिने सांगून टाकलं. "खिडकी नको."

"का?" धैर्यशीलने विचारलं.

"तालीम वाईट आली. आपलं बोलणं बंद पडेल म्हणतंय."

"यंत्र म्हणतंय म्हणून?"

"तूच बसवलंस की ते यंत्र. आणि मला पण पटतंय. सोप्यात आत्या असतात." सासूला ती आत्या म्हणायची. "त्यांच्यासमोर मी काय बोलणार तुझ्याशी? जेवलात का, झोपलात का. इथे गच्चीवर मी निदान माणसासारखी बोलते."

"बोलतेस?" धैर्यशील म्हणाला.

"म्हणजे काय?"

"काही नाही. राहू दे."

त्याचा आवाज पडला होता. हर्षदाने दोनदा खोदून विचारलं, त्याने दोनदा राहू दे म्हटलं, आणि मग तिनेही हट्टाने गॅस सिलिंडरचा विषय काढला. त्या दिवशी बोलणं अकरा मिनिटांत आटपलं. दुसऱ्या दिवशी नऊ. शनिवारी सहा. गंमत बघा, ॲप टाकलंच नव्हतं आणि अहवाल मात्र खरा होत चालला होता! हर्षदाला रात्रीचं जेवण जाईना. नऊ वर्षं सांभाळलेली एकच गोष्ट हातातून निसटतेय आणि कुठून निसटतेय तेच कळत नाही, अशी तिची गत झाली.

सोमवारी तिने वाचनालयात रेहाना मुल्लाला गाठलं. रेहानाताई तिथल्या ग्रंथपाल, आणि विट्यातल्या अंगण-मंडळाच्या सर्वेसर्वा. अंगणाचे निम्मे संदेश त्यांनीच मराठीत आणले होते, फुकट, हौसेने, दुपारच्या डब्याच्या वेळात.

रेहानाताईंनी हर्षदाच्या फोनवर तो अहवाल वाचला. "'पूर्ववत होण्याची शक्यता फार कमी.' हे माझंच वाक्य. आधी मी 'धूसर' लिहिलं होतं, मग म्हटलं, लोकांना कशाला घाबरवायचं."

"मी घाबरलेच आहे."

"ते दिसतंय. हे बैलांचं काय गं? तुला कधीपासून बैल आवडायला लागले?"

"तेच तर! यंत्र येडं झालंय."

"यंत्र येडं होत नाही, यंत्राला कुणीतरी येडं करतं." रेहानाताईंनी चष्मा वर केला. "'का?' दाबलंस? प्रत्येक वाक्याखाली असतं ते. यंत्राने असं का म्हटलं ते सांगावंच लागतं त्याला. आपल्यात लपवाछपवी नाही."

हर्षदाने ते दाबलं नव्हतं. वाईट बातमीची कारणं कोण वाचत बसतं? रेहानाताईंनी दाबलं. मजकूर उघडला.

'ज्या दुपारी पावणेदोनच्या सुमारास तुम्ही "रद्दी" हा फोल्डर उघडता, त्या संध्याकाळी धैर्यशील यांच्याशी बोलणं लांबतं. ज्या दुपारी उघडत नाही, त्या संध्याकाळी सरासरी चार मिनिटं. खिडकी टाकल्यावर तो वेळ खिडकीत जाईल, रद्दी उघडली जाणार नाही.'

"रद्दी काय आहे?" रेहानाताईंनी विचारलं.

"माझे बिघडलेले तुकडे. वाचताना खोकला येतो, बाहेरून ट्रॅक्टर जातो, जीभ अडखळते, मग ते कापून तिकडे फेकते. महिनोन्‌महिने पुसलेलं नाही. पण रेहानाताई, पावणेदोनला मी इथे असते! तुमच्यासमोर!"

रेहानाताईंनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "घरात लॉगिन किती आहेत?"

"एकच. 'बाबर'."

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. फ्रिजवर चिकटवलाय."

रेहानाताई इतक्या जोरात हसल्या की वाचन-कक्षातल्या आजोबांनी पेपर खाली केला. "अगं बाई! ही तालीम ज्यांनी लिहिली ना, ती माणसं प्रत्येकाच्या टेबलावर वेगळा संगणक असलेल्या घरांतली. अख्खं घर एकाच नावाने आत शिरेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. यंत्राच्या लेखी 'बाबर' ही एकच बाई आहे. पहाटे बैल बघते, सकाळी पुस्तकं वाचते, दुपारी रद्दी उघडते. तालीम त्या बाईची झाली. तुझी नाही."

"मग बैल म्हणजे..."

"सासू. दुसरं कोण?"

"आत्या? त्या तर म्हणतात, मला त्यातलं काय कळतंय!"

"मग कळतंय त्यांना. झकास कळतंय."

हर्षदालाही हसू आलं, पण अर्धंच. "आणि दुपारी कोण? आत्या तेव्हा झोपलेल्या असतात."

"जोडणीची वही बघ," रेहानाताई म्हणाल्या, आणि आता त्या हसत नव्हत्या. "यंत्रावर कोण कुठून आलं ते त्यात लिहिलेलं असतं. घरी जाऊन बघ. मला सांगितलं नाहीस तरी चालेल."

हर्षदाने ती वही दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. ओळीमागून ओळी. एक चव्वेचाळीस, मदुराई. एक सेहेचाळीस, मदुराई. एक त्रेचाळीस, मदुराई. रविवार सोडला तर जवळजवळ रोज, दीड वर्षापासून. धैर्यशीलने अंगण बसवलं तेव्हाच, काही बिघडलं तर लांबून दुरुस्त करता यावं म्हणून, आत यायची वाट ठेवली होती. हे तिला माहीत होतं. त्या वाटेने तो रोज येतो, हे माहीत नव्हतं.

तिने दाराला वाकळ टांगली, पण त्या दिवशी धडा वाचला नाही. ती रद्दी ऐकत बसली.

एका तुकड्यात ती कावळ्याला शिव्या देत होती, आणि काय शिव्या! एकात 'ढगांची' हा शब्द सात वेळा चुकून आठव्यांदा फिदीफिदी हसत होती. एकात नुसतंच गुणगुणणं. एकात ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. आणि फेब्रुवारीतल्या एका तुकड्यात ती सशाच्या बिळाचा धडा वाचता वाचता थांबली होती. बराच वेळ काही नाही. मग तिचाच आवाज, "कुणाशी बोलू मी?" आणि मग रडणं. नाक ओढत, मोकळं, कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस रडतं तसं. ते तिला आठवतही नव्हतं. त्या फाइलीपुढे यंत्राने नोंद ठेवली होती, अकरा वेळा उघडली.

तिला आधी लाज वाटली, मग संताप आला, आणि मग दोन्ही एकदम.

त्या दिवशी तिने वाचनालयात अर्ध्या रजेचा निरोप धाडला. आत्या जेवून आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. एक पंचेचाळीसला वहीत नवी ओळ उमटली. तिने फोन लावला.

"ऐकतोयस?" ती म्हणाली.

पलीकडे भट्टीच्या पंख्याचा आवाज.

"धैर्यशील, मी विचारतेय. ऐकतोयस का?"

"हो," तो म्हणाला.

"दीड वर्ष?"

"हो."

"मला वाटायचं, किती ओळखतो हा मला! घसा बसलाय का, आज जीव लागत नाही का कामात, बरोब्बर विचारायचास. मी मैत्रिणींना सांगायचे, आमचा फोनवरून ओळखतो म्हणून. आणि तू चोरून ऐकत होतास!"

"चोरूनच. खोटं नाही बोलत." त्याचा आवाज बारीक झाला होता. "पहिल्यांदा चुकून उघडलं गं. डिस्क भरली होती म्हणून काय काय आहे ते बघत होतो. तू कावळ्याला शिव्या देत होतीस. इथे जेवायच्या सुट्टीत मी एकटा हसलो, पोरं बघायला लागली. मग दुसऱ्या दिवशी पण ऐकलं. फोनवर तू मला सिलिंडर सांगतेस, आईचा गुडघा सांगतेस, लाइट गेली ते सांगतेस. ही कावळेवाली मला फोनवर कधी भेटतच नाही."

"आणि फेब्रुवारीतलं?"

"ते ऐकल्यापासून मला कामात चित्त लागत नाही. म्हणून खिडकी म्हणालो. म्हटलं, निदान कुणीतरी समोर असेल तुझ्या."

"मग विचारायचंस की सरळ! रडलीस का म्हणून!"

"काय म्हणाली असतीस?"

हर्षदा उत्तर द्यायला गेली आणि तिला कळलं, की ती म्हणाली असती, कुठे काय, सर्दी झालीय. याचाही तिला रागच आला, कारण तो बरोबर होता.

"राग आलाय?" त्याने विचारलं.

"फार आलाय. लाज पण वाटतेय. आणि कुणीतरी ऐकत होतं म्हणून बरं पण वाटतंय, त्याचा सगळ्यात जास्त राग आलाय."

फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

"आजपासून लॉगिन वेगवेगळं," शेवटी ती म्हणाली. "तुझं तुझं, आत्यांचं आत्यांचं, माझं माझं. माझ्या खोलीत न विचारता यायचं नाही."

"नाही येणार. आणि खिडकी?"

"तालीम पुन्हा करते. फक्त माझी. मग ठरवू."

रविवारी दुपारी तिने तीन खाती केली. आत्या सोप्यात सूप घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना पासवर्ड विचारला तर त्या आधी कानावर हात ठेवायला लागल्या.

"मला कशाला गं ते? मला त्यातलं काय कळतंय?"

"आत्या, पहाटे साडेपाच," हर्षदा म्हणाली. "खिलार."

आत्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या चोरी पकडलेल्या पोरीसारख्या हसल्या. "त्यो आटपाडीकडचा माणूस हाय बघ. बैल दाखवत दाखवत लई ग्वाड बोलतो. मला बैल काय करायच्यात? पर सकाळच्या पारी कुणी बोलत असलं की बरं वाटतं."

नऊ वर्षं एका घरात राहून हर्षदाला हे ठाऊक नव्हतं. तिने आत्यांचं खातं केलं, बैलवाल्याला पहिल्याच पानावर आणून ठेवलं, आणि मग स्वतःच्या खात्यात जाऊन खिडकीची तालीम लावली. सात मिनिटं लागतील म्हणून ती शेंगा फोडायला बसणार, तोच पडद्यावर अहवाल आला.

'या व्यक्तीच्या सवयी अजून माहीत नाहीत. तालीम करता येत नाही. किमान सहा महिने वापरानंतर पुन्हा प्रयत्न करा.'

जुन्या खात्यातून तिच्या एकटीच्या सवयी वेगळ्या निवडता येतील का, हे तिने आधीच रेहानाताईंना विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, शिजलेल्या खिचडीतून तांदूळ वेचून दाखव, मग मी सवयी वेचून देते.

तिने मदुराईला फोन लावला. "यंत्र म्हणतंय, मी कोण ते त्याला माहीत नाही."

"मग आता?" धैर्यशीलने विचारलं.

"तुला काय वाटतं? टाकलं तर काय होईल?"

"मला काय ठाऊक? अहवाल खरा पण होईल. आठव्या महिन्यात काढशील."

"आणि बोलणं?"

"भीती वाटतेय मला," तो म्हणाला. "पण नाही टाकलं तर मी पुन्हा एक पंचेचाळीसला कुठे जाऊ, तेही कळत नाही."

हर्षदाने कोठार उघडलं. खिडकी, लिहिणारे दोघं, सांभाळणारे पाच, सोबत येणारी सामग्री सात. 'टाका.' पासवर्ड मागितला, तो या वेळी फ्रिजवर नव्हता. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक काळवंडलेली भिंत दिसायला लागली, भिंतीसमोर स्टूल, स्टुलावर धैर्यशील. त्याने बहुतेक घाईघाईने शर्ट बदलला होता, कॉलर आत दुमडलेली होती.

"दिसतोय का?" त्याने विचारलं.

"दिसतोय."

संपलं. दोघांनाही पुढे काही सुचेना. मागे शेंगा फुटण्याचा आवाज येत होता. हर्षदाच्या तोंडाशी आपोआप आलं, जेवलात का. ती ते विचारणारही होती. चार मिनिटं कशी होतात ते तिला त्या क्षणी अगदी लख्ख कळलं. आत्या दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या होत्या आणि गच्ची जिन्याने वर होती, आणि जिना चढायला तिला कुणीच अडवत नव्हतं.

ती उठली नाही.

"धैर्यशील," ती आत्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला इथे फार एकटं वाटतं रे."

शेंगांचा आवाज थांबला.

पलीकडे धैर्यशीलची नजर तिच्यावरून मागे, आईकडे गेली आणि परत तिच्यावर आली. हर्षदाने मागे वळून बघितलं नाही. आता आत्या उठून आत जातील, असं तिला वाटलं. किंवा म्हणतील, हे काय बोलणं झालं.

"मला बी वाटायचं," आत्या म्हणाल्या.

हर्षदा वळली. आत्या सुपाकडे बघत होत्या.

"तीस वरसं. हे तकडं मदुराईला आन् मी हितं. पत्र यायचं, त्यात लिवलेलं असायचं, मजेत हाय. मी बी लिवून धाडायची, मजेत हाय." त्यांनी मान वर केली आणि पडद्यावरच्या लेकाकडे पाहिलं. "तुझ्या बापाला कधी म्हटलं न्हाई बघ मी. एकदा बी न्हाई. ते गेलं तवा पर कळलं, आता म्हणायला कुणी ऱ्हायलं न्हाई."

"आई," धैर्यशील म्हणाला.

हर्षदाने आपली खुर्ची थोडी बाजूला ओढली आणि दुसरी शेजारी मांडली. आत्यांनी पदराला हात पुसले, सूप भिंतीशी सरकवलं, आणि त्या तिच्याजवळ येऊन बसल्या.

"तुझं सांग रे आधी," त्या लेकाला म्हणाल्या. "तुला काय वाटतं तिथं?"